जिंकणारा पटावरून का उठतो?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतला थोडा भाग शेवटी जोडला आहे.)

मागच्या खेपेला आपण हरण्याबद्दल बोललो होतो. आज जिंकणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

माझ्या संगणकावर 'सिव्हिलायझेशन ६'चे सेव्ह करून ठेवलेले डाव आहेत. या व्याख्यानाच्या तयारीसाठी परवा ते एकेक करून उघडले. एकूण ३१ निघाले. त्यातले शेवटपर्यंत खेळलेले ४. उरलेल्या २७ पैकी ५ डावांत मी हरत होतो, ते सोडले याचं काही वाटत नाही. बाकी २२ डावांत मी पुढे होतो. आणि पुढे म्हणजे थोडाफार नाही, विज्ञानात पुढे, सोन्यात पुढे, सैन्यात पुढे. एक डाव असा आहे की पाचपैकी तीन राजधान्या माझ्या ताब्यात, चौथीच्या वेशीवर तोफा लावलेल्या. त्या रात्री मी संगणक बंद करून झोपलो, तो परत तिकडे फिरकलोच नाही. दुसऱ्या दिवशी काय केलं? नवा डाव मांडला. इसवी सनापूर्वी ४००० वर्षं, एक सेटलर, एक योद्धा, आणि सगळा नकाशा अंधारात.

सभागृहात हे खेळ खेळणारे किती जण आहेत, जरा हात वर करा. बरेच आहेत. आता यातले जिंकत असताना डाव सोडून देणारे किती? (हशा) बघा, एकही हात खाली आला नाही.

ज्यांनी हात वर केले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. हे आळीपाळीचे खेळ. बुद्धिबळासारखेच, तुम्ही खेळायचं, मग संगणक खेळणार, मग पुन्हा तुम्ही. एका पाळीला सगळे 'टर्न'च म्हणतात, मीही तेच म्हणतो. 'सिव्हिलायझेशन' १९९१ मध्ये आला, सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो मायक्रोप्रोज या कंपनीसाठी केला. एक टोळी घ्यायची, गाव वसवायचं, गावाची गावं करायची, चाकापासून अंतराळयानापर्यंत जायचं. 'अजून एकच टर्न' हे या खेळाचं बिरुद आहे. आई जेवायला हाका मारतेय आणि आतून 'आलो, एकच टर्न' असं उत्तर जातंय, हे कित्येक घरांत घडलेलं आहे. आता गंमत अशी, की ज्या खेळातून उठवत नाही अशी ख्याती, त्याच खेळातून लोक उठून जातात. आणि जातात ते विजय समोर दिसत असताना.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण खेळाडूच्या माथी मारलं जातं. आजकाल कुणाला धीर नाही, हाती घेतलेलं तडीस नेत नाहीत, वगैरे. मला ते पटत नाही. जो माणूस रात्री दोनपर्यंत बसून दोनशे टर्न खेळला त्याला धीर नाही असं कसं म्हणणार? दुसरं स्पष्टीकरण जरा बरं आहे: मजा संपली, उठलो, त्यात एवढं काय. पण नुसती मजा संपली असती तर चिडचिड झाली नसती. डाव सोडताना आपण वैतागलेले असतो. आणि लगेच तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तेव्हा कंटाळा खेळाचा आलेला नाही. आपल्याला कुठेतरी फसवल्यासारखं वाटतंय, आणि कशात फसवलं ते मला आज शोधायचं आहे.

बुद्धिबळापासून सुरुवात करू. बुद्धिबळात डाव मधेच सोडायची रीत आहे, आणि ती रीत हरणाऱ्याची आहे. वजीर गेला, बदल्यात काही मिळालं नाही, समोरचा कसलेला आहे. मग हरणारा हात पुढे करतो. मोठ्या स्पर्धांत मात होईपर्यंत रेटत बसणं जरा असभ्यच समजतात. या एका रिवाजानं दोघांचाही वेळ वाचतो आणि जिंकणाऱ्याला त्याचा विजय त्या क्षणी मिळतो. समोरच्या जिवंत माणसानं मान्य केलं, की हो, तू जिंकलास.

संगणक हात पुढे करत नाही. त्याच्याकडे एकच शहर उरलेलं असेल, बर्फाळ प्रदेशात, तीन घरांचं, तरी तो टर्नमागून टर्न खेळत राहतो. त्याला वेळ जात नाही, लाज वाटत नाही, भूक लागत नाही. म्हणजे डाव संपला हे ओळखण्याची जबाबदारी दोघांपैकी ज्याला काही कळतं त्याच्यावर येऊन पडते. तो म्हणजे आपण. माझं म्हणणं असं, की जिंकणारा उठून जातो तेव्हा तो संगणकाचा राजीनामा संगणकाच्या वतीनं देत असतो. त्याचं वाचन अचूक असतं: डाव खरोखरच संपलेला आहे. फक्त पडद्याला ते माहीत नाही. आणि पडद्याला माहीत नसल्यामुळे विजयाची नोंद होत नाही, वाजंत्री वाजत नाही. कागदोपत्री तुम्ही पळून गेलेले.

हे एकदा तरी कुणाच्या लक्षात आलं होतं. 'सिव्हिलायझेशन ४' साली २००५ मध्ये आला, त्याची 'वॉरलॉर्ड्स' ही पुरवणी २००६ मध्ये. त्यात मार खाल्लेला संगणक-राजा शरण येऊन तुमचा मांडलिक होऊ शकत असे. त्याच्या जमिनीचा काही हिस्सा तुमच्या विजयाच्या मोजणीत धरला जाई. म्हणजे शेवटचं गाव जाळेपर्यंत जायची गरज नाही. त्यानं मान तुकवली, पुढे चला. फार शहाणी सोय होती. पुढच्या भागात, २०१० साली, ती काढून टाकली. का काढली याची कारणं असतील, पण समोरच्याला हार मानता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ती गेल्यावर कळलं.

आता डाव इतक्या लवकर का संपतो ते बघू. हे खेळ चक्रवाढ व्याजावर चालतात. एक गाव जास्त, म्हणून धान्य जास्त, म्हणून माणसं जास्त, म्हणून आणखी एक गाव. पैशाकडे पैसा जातो हे आपल्याकडे म्हणतातच. या खेळांत ते गणितानं पक्कं केलेलं असतं. त्यात भर म्हणजे खेळ 'अवघड' करायची पद्धत. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये सर्वांत अवघड पातळीला 'डीटी' म्हणतात. तिथे संगणक जास्त चांगला विचार करतो अशी तुमची समजूत असेल तर ती सोडा. त्याला सुरुवातीलाच जास्त माल मिळतो. तुमच्याकडे एक सेटलर, त्याच्याकडे तीन. शिवाय उत्पादनात, विज्ञानात टक्क्यांची सवलत. धावण्याच्या शर्यतीत एकाला शंभर पावलं पुढे उभं करावं तसं. परिणाम असा होतो, की सगळी चुरस पहिल्या शंभर टर्नमध्ये. ती शंभर पावलं तुम्ही भरून काढलीत की समोरच्याकडे काही उरत नाही, कारण त्याच्याकडे डोकं नव्हतंच, पुढाकार होता. पुढचे दीडशे-दोनशे टर्न म्हणजे लागलेल्या निकालाची अंमलबजावणी.

आणि ही अंमलबजावणी कोण करतो? इथे चिडचिडीचं मूळ आहे. सुरुवातीला एका टर्नला एकच निर्णय असतो: योद्धा डोंगराकडे पाठवू की नदीकडे? त्या एका निर्णयावर सगळं भवितव्य. दोनशेव्या टर्नला वीस शहरं असतात, प्रत्येक विचारतं आता काय बांधू. तीस पलटणी असतात, प्रत्येक विचारते आता कुठे जाऊ. व्यापारी तांडे परत येऊन विचारतात पुन्हा पाठवता का. साठ प्रश्न, आणि एकाच्याही उत्तरानं काही बदलणार नाही. 'सिव्हिलायझेशन ५'पासून एका षटकोनात एकच पलटण उभी राहू शकते, त्यामुळे मोठं सैन्य हलवणं म्हणजे लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या एकेक उचलून दुसऱ्या मांडवात नेणं. तुम्ही राजा म्हणून खेळायला बसलात आणि जिंकल्याबद्दल तुम्हाला कारकून केलं. माझ्या मते खेळाडू ज्याला 'बोअर झालं' म्हणतो ते हे आहे. ही बढतीच्या नावाखाली झालेली पदावनती आहे, आणि पदावनतीचा राग येतो.

एक नमुना सांगतो. 'सिव्हिलायझेशन ६'च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या पुरवणीत विज्ञानाच्या मार्गानं जिंकायचं असेल तर उपग्रह सोडायचा, चंद्रावर उतरायचं, मंगळावर वस्ती करायची, आणि शेवटी दूरच्या ग्रहाकडे यान पाठवायचं. यान उडालं. टाळ्या. आता ते ५० प्रकाशवर्षं जाणार, मुळात एका टर्नला एक प्रकाशवर्ष या वेगानं. लेझरची केंद्रं बांधून वेग वाढवता येतो, पण बांधेपर्यंत आणि पोहोचेपर्यंत तुम्ही करायचं काय? बटण दाबायचं. पुढचा टर्न. पुढचा टर्न. मानवजातीचा सर्वांत मोठा प्रवास, आणि अनुभव मात्र बँकेत टोकन घेऊन बसल्याचा. शेवटी विजयाचा पडदा येतो आणि त्यावर एक बटण असतं: 'अजून एकच टर्न'. (हशा) हे बटण ज्यानं तिथे ठेवलं त्याला विनोदबुद्धी होती असं मी धरून चालतो.

रोग कंपन्यांना ठाऊक नाही असं समजू नका. औषधं झाली आहेत. सिड मायर यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. पहिला 'सिव्हिलायझेशन' करताना त्यांच्या मनात उदय आणि अस्त दोन्ही होते. साम्राज्य चढेल, मग ज्वालामुखी, प्लेग, अंधारयुग, आणि त्यातून पुन्हा वर यायचं. कल्पना थोर. झालं असं, की ज्वालामुखी फुटला की खेळाडू जुना सेव्ह केलेला डाव उघडून मागे जात. अस्त कुणालाच नको होता. मग त्यांनी अस्त काढून टाकला आणि नुसता उदय ठेवला. त्यानंतरच्या ३० वर्षांच्या या खेळांवर त्या एका निर्णयाची सावली आहे असं मला वाटतं. नुसता उदय असलेल्या गोष्टीला शेवट कुठून येणार?

दुसरं औषध जालीम. 'शोगुन २', क्रिएटिव्ह असेम्ब्ली या कंपनीचा, साल २०११. लढाया तिथे प्रत्यक्ष वेळेत होतात, पण देशाचा नकाशा टर्नवर चालतो. तुम्ही जपानातलं एक घराणं. प्रांत घेत जाता तशी कीर्ती वाढते, आणि कीर्ती एका मर्यादेला पोहोचली की शोगुन तुम्हाला शत्रू ठरवतो आणि सगळा देश हळूहळू तुमच्यावर उलटतो. याला 'रेल्म डिव्हाइड' म्हणतात. कागदावर हे अगदी बरोबर आहे. जिंकणाऱ्याविरुद्ध बाकीचे एकत्र येणार हे कोणत्याही राजकारणात खरंच. पण प्रत्यक्षात काय घडतं? चाळीस टर्न तुमच्या बाजूनं लढलेला, तुमच्या घरात मुलगी दिलेला मित्र एका आकड्यामुळे उलटतो. तुम्ही काय केलंत याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे अनुभवी खेळाडू काय करतात, तर उंबरठ्याच्या अलीकडे थांबतात, तिजोरी भरतात, सैन्य उभं करतात, आणि मग एकदम ती रेघ ओलांडतात. राजकारणाचं नाटक करायचं होतं, झाली पावसाळ्यापूर्वीची बेगमी. तरीही, हा वाईट प्रयोग आहे असं मी म्हणणार नाही. 'शोगुन २' मी तीनदा पूर्ण केला. शिव्या देत केला, पण केला.

तिसरं औषध ताजं आहे. 'सिव्हिलायझेशन ७', फेब्रुवारी २०२५. फिरॅक्सिसच्या मंडळींनी उघडच सांगितलं होतं की लोक डाव पुरे करत नाहीत आणि आम्ही त्यावर उपाय करतोय. उपाय असा, की डावाचे तीन तुकडे, तीन युगं. पहिल्या दोन युगांच्या अखेरीस संकट येतं, युद्धं थांबतात, राजधानी सोडून बहुतेक शहरांचा दर्जा उतरून ती गावं होतात, आणि तुमची संस्कृतीच बदलते. मौर्य म्हणून सुरू केलं तर पुढे चोल, मग मुघल असंही होऊ शकतं. नेता तोच, संस्कृती नवी. पुढे गेलेल्याची आघाडी थोडी छाटायची म्हणजे चुरस टिकेल, हा हिशेब. लोक नाराज झाले. प्रकाशनाच्या वेळी तर 'अजून एकच टर्न'चं बटणही नव्हतं. ओरड झाल्यावर ते परत आलं.

मला हा उपाय का पुरेसा वाटत नाही ते सांगतो, आणि त्यासाठी मेंढीकोटाकडे यावं लागेल. (हशा) हसू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी तुम्ही सगळे खेळलेला आहात. चार जण, दोन जोड्या, तेरा-तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन ज्यांच्याकडे आल्या ते जिंकले. आता तिसरी मेंढी पडली त्या क्षणी डाव संपला का? निकाल लागला. पण पानं कुणी टाकत नाही. कारण चौथीही मिळाली तर मेंढीकोट, आणि मेंढीकोट म्हणजे नुसतं जिंकणं नाही, पुढची आठ दिवस चिडवण्याचा परवाना. सगळे तेरा हात केले तर 'बावन्न', त्याची तर दंतकथाच होते. आणि हरणाऱ्यांकडे बघा. हरले आहेत, पण ती एक मेंढी वाचवण्यासाठी जिवाचं रान करतात. हुकूम कुणाकडे उरलाय, कुणी काय टाकलं, सगळं पुन्हा आठवायला लागतात. निकाल लागल्यावर डावाला दुसरा वारा सुटतो.

फरक कळला? मेंढीकोट जिंकणाऱ्याकडून काही काढून घेत नाही. त्याच्या हातातली तिसरी मेंढी परत टेबलावर ठेवा म्हणत नाही. तो जिंकणाऱ्याला आणखी अवघड काहीतरी मागायची लालूच दाखवतो, आणि हरणाऱ्याला वाचवण्यासारखं काहीतरी ठेवतो. 'सिव्हिलायझेशन'मध्ये हरणाऱ्याकडे वाचवण्यासारखं काहीच नसतं, म्हणून तो निष्प्राण असतो, म्हणून जिंकणाऱ्याला चव नसते. कसोटी क्रिकेटही यावरच जगलंय. हरणारा संघ सामना अनिर्णित ठेवू शकतो, म्हणून पाचव्या दिवशी दुपारी शेवटची जोडी बाद करायला जिंकणाऱ्याला घाम फुटतो.

इथपर्यंत मी खेळाच्या यंत्राबद्दल बोललो. पण माझी खरी तक्रार पुढे आहे. या प्रकाराला 'फोर एक्स' म्हणतात. हे नाव १९९३ मध्ये ॲलन एम्रिक यांनी 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळाबद्दल लिहिताना वापरलं. एक्सप्लोर, एक्स्पांड, एक्स्प्लॉइट, एक्स्टर्मिनेट. शोधा, पसरा, ओरपा, संपवा. चार क्रियापदं. यात राखणं कुठे आहे? सांभाळणं, टिकवणं, राज्य करणं कुठे आहे? शोधणं पहिल्या तासात संपतं, कारण नकाशा संपतो. पसरणं जमीन संपली की संपतं. उरतं ओरपणं आणि संपवणं, आणि तेच दोन तास चालतं. जिंकत असताना उठणारा खेळाडू या चार शब्दांतला पाचवा शब्द शोधत असतो, असं मी म्हणेन.

इतिहासात साम्राज्य मोठं झालं की कटकटी संपत नाहीत, वेगळ्या जातीच्या कटकटी सुरू होतात. आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर घेतलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केली, त्याच वर्षी रायगड पडला. 'सिव्हिलायझेशन'च्या नियमांनी बघाल तर इथे विजयाचा पडदा यायला हवा. राजधान्या पडल्या, नकाशा एका रंगाचा झाला. आणि प्रत्यक्षात त्याचा खरा अवघड डाव तिथून सुरू झाला. राजाराम महाराज जिंजीला गेले. तो किल्ला पडायला १६९८ उजाडलं, आणि पडला तेव्हा ते निसटलेले होते. त्यांच्यामागे १७०० पासून ताराराणींनी लढा चालवला. एक किल्ला घ्यावा तर मागचा परत जावा. मनसबदार वाढलेले, त्यांना द्यायला चांगल्या जहागिरी पुरेनात. बादशहा उत्तरेत परतलाच नाही, १७०७ मध्ये अहमदनगरला गेला. नकाशावर त्याचं राज्य सर्वांत मोठं होतं तेव्हाच ते हातातून सुटत होतं.

मी हे अभिमानासाठी सांगत नाही, तो विषय आजचा नाही. मी हे खेळ-रचनाकाराच्या नजरेनं बघतोय. शेवटच्या त्या १८ वर्षांत केवढे निर्णय आहेत! वेढा घालायचा की किल्लेदाराला पैसे चारायचे? सैन्याला पगार द्यायचा की सरदाराला जहागीर? परत जायचं की थांबायचं? हा निम्मा डाव आमच्या खेळांतून गायब आहे. त्यांच्या मते जिंकलेली जमीन म्हणजे मिळालेली जमीन. जिंकलेलं शहर दहा टर्न कुरकुरतं आणि मग निमूट धान्य पाठवू लागतं. 'सिव्हिलायझेशन ६'च्या २०१८ च्या 'राइज अँड फॉल' पुरवणीत निष्ठा नावाचा आकडा आला, दूरची शहरं बंड करू शकू लागली. पाऊल योग्य दिशेचं. पण ती निष्ठा आसपासच्या लोकसंख्येवर चालते, आणि पुढे असणाऱ्याची लोकसंख्या जास्त. म्हणजे पुन्हा चक्रवाढ व्याज, जिंकणाऱ्याच्याच खात्यात.

राखण्याचा विचार केलेला एक खेळ मला माहीत आहे. 'ओल्ड वर्ल्ड', साल २०२१. करणारे सोरेन जॉन्सन, तेच ज्यांनी 'सिव्हिलायझेशन ४'ची रचना केली होती. त्यात प्रत्येक टर्नला सगळ्या राज्यासाठी मिळून ठरावीक 'ऑर्डर्स' म्हणजे हुकूम असतात. पलटण हलवली, एक हुकूम गेला. मजुराला काम सांगितलं, एक गेला. राज्य वाढलं तरी सगळीकडे एकाच वेळी बघता येत नाही, काय सोडून द्यायचं ते ठरवावं लागतं. कारकुनी तिथे आपोआप कमी होते, कारण सगळ्या फायली हातावेगळ्या करणं शक्यच नसतं. शिवाय तिथे एक टर्न म्हणजे एक वर्ष, त्यामुळे राजा म्हातारा होतो, मरतो. गादीवर येणारा मुलगा कधी शहाणा असतो, कधी नसतो. आणि जिंकण्याचा एक मार्ग म्हणजे दहा महत्त्वाकांक्षा पुऱ्या करणं, ज्या एकेक करून समोर येतात, उत्तरोत्तर अवघड. मेंढीकोटाची चौथी मेंढी! यातही अखेरीस थोडं पीठ दळणं आहेच, पण मी यातले निम्म्याहून अधिक डाव पूर्ण केले. माझ्या हिशेबानं ही फार मोठी शिफारस आहे.

'इन्टू द ब्रीच'चाही उल्लेख करतो, २०१८ चा. आठ बाय आठचा पट, एक लढाई साधारण पाच टर्नची. किडे सगळे मारायचे नसतात, पाच टर्न शहर वाचवायचं असतं; वेळ संपली की उरलेले किडे आपणच जमिनीत परत जातात. एवढंच. पण 'संपवा' काढून 'वाचवा' घातल्याबरोबर शेवटचा टर्न पहिल्याइतकाच अवघड झाला आहे.

प्रश्न घेऊ आता.

(एका श्रोत्या बाईंचा प्रश्न: मी हे खेळ खेळत नाही, पण आम्ही लहानपणी व्यापार खेळायचो. तो एकदाही पूर्ण झाल्याचं आठवत नाही. हे तसंच का?)

ताई, फार चांगलं विचारलंत, हे मी भाषणातच घ्यायला हवं होतं. तसंच आहे आणि नेमकं उलटं आहे. व्यापारात कोण उठायचं? हरणारा. ज्याची घरं गहाण पडली, जो दर फेरीला भाडं देऊन कंगाल झाला, तो म्हणायचा मला झोप आली. आणि जिंकणारा, बहुतेक वेळा बँक सांभाळणारा मावसभाऊ, त्याच्या विनवण्या करायचा. अरे बस ना, मी तुला पाचशे उधार देतो. त्याला विजय नको होता, त्याला समोर कुणीतरी बसलेलं हवं होतं. 'सिव्हिलायझेशन'मध्ये हरणारा उठू शकत नाही, म्हणून मावसभाऊ उठतो.

(दुसरा प्रश्न: तो तोफा लावलेला डाव पुढे काय झाला?)

परवा उघडला. (हशा) खरंच, व्याख्यानासाठी म्हणून. तोफा होत्या तिथेच होत्या. चार टर्नमध्ये चौथी राजधानी पडली. पाचवी निघाली बेटावर. मग जहाजं बांधायला घातली, आठ टर्न दाखवत होते. सहा दाबले. तेवढ्यात आयोजकांचा फोन आला की प्रोजेक्टर लागणार आहे का, आणि बोलून झाल्यावर मी, माझ्या लक्षातही आलं नाही, नवा डाव सुरू केला होता. नदीकाठी जागा चांगली मिळाली आहे.